दिलेल्या अक्षरांतून इंग्रजी शब्द कसे शोधायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परळच्या आमच्या वाचनालयात रविवारी सकाळी आठ-दहा जण अक्षरांच्या टाइल घेऊन बसतो. शाळेतली मुलं असतात, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे असतात, दोन निवृत्त काकाही न चुकता येतात. त्यांनी विचारलेले प्रश्न मी वहीत टिपत गेले, त्यातून हे पान तयार झालं. इंग्रजी अक्षरं मुद्दाम देवनागरीत दिली आहेत. शेजारी कागद ठेवा, ती अक्षरं आपल्या हाताने इंग्रजीत लिहा आणि मगच पुढे वाचा. नुसतं वाचून यातलं काही अंगवळणी पडत नाही.

"या अक्षरांपासून शब्द करा" म्हणजे नक्की काय करायचं?

हे आधी ठरवलं नाही तर अर्धा तास फुकट जातो. एका वाक्यामागे तीन वेगळी कामं असतात.

पहिल्यात सगळी अक्षरं वापरायची, एकही उरता कामा नये. परळची इंग्रजी अक्षरं पी-ए-आर-ई-एल. ती हलवली की पर्ल होतो, म्हणजे मोती. दुसऱ्यात हातातली हवी तेवढी अक्षरं घ्यायची, बाकीची राहिली तरी हरकत नाही. स्क्रॅबलमध्ये, म्हणजे पटावर अक्षरांच्या टाइल लावून शब्द करायच्या खेळात, हेच चालतं. तिसऱ्यात दिलेली अक्षरं शब्दात असायलाच हवीत आणि सोबत दुसरी कुठलीही चालतात. शब्दकोडी आणि वर्डल (पाच अक्षरी गुप्त शब्द सहा संधींत ओळखायचा खेळ) या प्रकारातले.

तिसऱ्या प्रकारात आणखी एक गोष्ट विचारून घ्या: अक्षरं सलग हवीत की विखुरलेली चालतील? ए-आर-टी सलग हवी असतील तर पार्टी, स्टार्ट, हार्ट. विखुरलेली चालत असतील तर वॉटरसुद्धा. आणि जे अक्षर एकदाच दिलंय ते एकदाच वापरायचं, असा नियम बहुतेक खेळांत असतो. सगळ्यांत जास्त चुका इथेच होतात.

कागद-पेन्सिल घेऊन सुरुवात कशी करू?

अक्षरं ओळीत लिहू नका, गोलात लिहा. पी-ए-आर-ई-एल ओळीत लिहिलं की परळकराच्या डोळ्याला परळच दिसणार, मोती दिसणारच नाही. गोलाला पहिलं आणि शेवटचं अक्षर नसतं, त्यामुळे डोळा मोकळा होतो. मी स्वर मधे लिहिते आणि व्यंजनं भोवती.

मग जोड्या शोधा. इंग्रजीत काही अक्षरं एकमेकांना सोडत नाहीत: एस-एच, सी-एच, टी-एच, सी-के, क्यू-यू. त्यानंतर शब्दाचं शेपूट. आय-एन-जी, ई-डी, ई-आर, ई-एस-टी, टी-आय-ओ-एन, एल-वाय ही शेपटं हाताशी असली तर ती आधी बाजूला काढायची आणि उरलेल्या अक्षरांकडे बघायचं.

दहिसर घेऊन बघू: डी-ए-एच-आय-एस-ए-आर. एस आणि एच दिसले, ते शेजारी ठेवले. त्यांच्या आधी आय ठेवला तर आय-एस-एच असं ओळखीचं शेपूट तयार झालं. उरले डी, दोन ए आणि आर. एक ए बाजूला ठेवला आणि आर-ए-डी पुढे लावलं. रॅडिश. दहिसरमधून मुळा निघाला.

अंधेरीही अशीच सुटते. ए-एन-डी-एच-ई-आर-आय मधून आय-ई-आर हे शेपूट काढा. एच-ए-एन-डी उरतं, म्हणजे हँड. दोन्ही जोडले की हँडियर, वापरायला अधिक सोयीचं. सातच्या सात अक्षरं लागली. पहिल्यांदा हे सापडलं तेव्हा मी चर्चगेटच्या गाडीत खिडकीशी बसले होते आणि शेजारच्या अनोळखी बाईंना ते सांगितल्याशिवाय मला राहवलं नाही.

माझं शिक्षण मराठी माध्यमातून झालंय. मला हे जमेल का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो, आणि तोही हळू आवाजात. जमेल. फक्त आपली अडचण कुठे होते ते नीट समजून घ्यायला हवं.

आपण देवनागरीत जसं ऐकतो तसं लिहितो. 'स्टेशन' आपल्याला तीन अक्षरी, इंग्रजीत त्याला सात अक्षरं लागतात. त्यामुळे विस्कटलेली इंग्रजी अक्षरं समोर आली की आपण ती आधी उच्चारून बघतो आणि उच्चार लागला नाही की सोडून देतो. 'ठाणे' असं म्हटल्यावर कुणाच्या कानाला त्यात हीट ऐकू येईल का? पण टी-एच-ए-एन-ई लिहून बघा. हीट आहे, हेट आहे, नीट आहे, देन आहे. इतकंच काय, ती अक्षरं आहेत तशी ठेवली तरी इंग्रजी शब्द होतो: थेन, म्हणजे जुन्या स्कॉटलंडमधला सरदार. हे काम कानाचं नाही, डोळ्याचं आणि हाताचं आहे.

माझे बाबा गिरगावातल्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायचे. शिक्षण सातवीपर्यंत. जुळवलेल्या कित्येक इंग्रजी शब्दांचा अर्थ त्यांना माहीत नसायचा, उच्चार तर मुळीच नाही, पण स्पेलिंग चुकायचं नाही. प्रत्येक शब्द एकेका खिळ्याने त्यांच्या बोटांतून गेलेला असायचा, तोही उलटा, कारण खिळ्यावर अक्षर उलटं असतं. इंग्रजी खिळ्यांच्या केसमध्ये, म्हणजे खणांच्या पेटीत, ई चं घर सगळ्यांत मोठं आणि हाताशी असतं, झेडचं लहानसं, कडेला. कुठलं अक्षर किती लागतं ते त्यांना घरांच्या आकारावरूनच कळायचं. मी लहानपणी स्पेलिंग पाठ करताना अडखळले की म्हणायचे, "बाळ, बोलू नकोस. मोज." आजही नवीन आलेल्याला मी पहिल्यांदा हेच सांगते.

शिवाय मराठी शाळेने आपल्याला एक फार उपयोगाची सवय लावली आहे, तिच्याकडे आपलं लक्ष नसतं. व्याकरणाच्या तासाला आपण संधी सोडवल्या, उपसर्ग आणि प्रत्यय वेगळे काढले. शेपूट काढून मधला शब्द ओळखायचा म्हणजे तेच करायचं. ज्याला 'सूर्योदय' सोडवता येतो, त्याला 'हँडियर' सोडवायला वेगळी अक्कल लागत नाही.

रोज सराव कुठे करू? वेळच मिळत नाही.

लोकलमध्ये. मुंबईच्या स्टेशनांवरच्या पाट्या मराठी, हिंदी आणि इंग्रजीत असतात. इंग्रजी नाव बघायचं आणि पुढचं स्टेशन येईपर्यंत त्यातून शब्द काढायचे. चार अक्षरांपेक्षा लहान शब्द धरायचा नाही. मोबाइल हातात घ्यावा लागत नाही आणि उभं राहूनही खेळता येतं.

हार्बरवर शिवडी झकास आहे. एस-ई-डब्ल्यू-आर-आय मधून वाइझर, वायर्स आणि वियर्स असे तीन शब्द निघतात, तिघांतही पाचही अक्षरं वापरून. चेंबूरमध्ये चेरब दडलाय, म्हणजे पंखवालं देवदूत बाळ. पनवेलला तर बसून राहावं: पॅनल, प्लेन, पीनल, नेव्हल (एन-ए-व्ही-ई-एल), व्हीनल, आणि अजूनही असतील. माहीममध्ये इमाम आहे. वांद्र्याच्या इंग्रजी नावात ब्रँड. मध्य रेल्वेवर दिवा स्वतःच इंग्रजी शब्द आहे आणि उलटसुलट केला की ॲव्हिड होतो. कल्याणमध्ये लँकी, म्हणजे उंच आणि हडकुळा. बोरिवलीच्या बी-ओ-आर-आय-व्ही-ए-एल-आय या स्पेलिंगमधून एक आय वगळला की बोलिव्हार, व्हेनेझुएलाचं चलन. दादर मात्र एवढं गर्दीचं स्टेशन असून अक्षरांच्या बाबतीत कोरडं आहे.

माझी सगळ्यांत लाडकी जोडी परळ आणि विलेपार्ले. इंग्रजीतलं 'पार्ले' पी-ए-आर-एल-ई असं लिहितात. परळचं नाव पी-ए-आर-ई-एल. तीच पाच अक्षरं! एक मध्य रेल्वेवर, दुसरं पश्चिमेला. मी दोन्ही पाट्या चाळीस वर्षं वाचत होते, पण ही गोष्ट टाइल हातात घेतल्यावर कळली.

गोरेगावच्या आठ अक्षरांत एक सात अक्षरी शब्द आहे. उत्तर अगदी शेवटी दिलंय, आत्ताच खाली जाऊ नका.

सात अक्षरं सगळ्या प्रकारे मांडून बघितली तर?

सातही वेगळी असतील तर ५,०४० मांडण्या होतात. एखादं अक्षर दोनदा असेल तर निम्म्या. मुंबईच्या इंग्रजी नावात सहा अक्षरं आणि एम दोनदा, म्हणून ३६०. हाताने हे करू नका. यातल्या बहुतेक मांडण्या तोंडातून बाहेरही पडणार नाहीत. मुंबईतून निघतात ते शब्द थोडेच: मेम (एम-ए-आय-एम), आयॅम्ब, आणि पाच अक्षरी आय-एम-ए-यू-एम, जे इमामचंच जुनं स्पेलिंग आहे.

मग शब्द शोधून देणारी वेबसाइट एका क्षणात उत्तर कसं देते?

ती ५,०४० मांडण्या करत बसत नाही. युक्ती साधी आहे, शाळेतल्या मुलालाही कळेल अशी.

शब्दकोशातला प्रत्येक शब्द घ्यायचा आणि त्याची अक्षरं इंग्रजी वर्णक्रमाने लावायची. लिसनची अक्षरं अशी लावली की ई-आय-एल-एन-एस-टी. सायलेंटची लावली तरी तेच. एनलिस्ट, टिन्सल, इनलेट्स, सगळ्यांचं तेच. ही त्या शब्दांची खूण समजा. एका खुणेचे सगळे शब्द एका खणात ठेवायचे, पोस्टात पत्रांची विभागणी करतात तसे. तुम्ही अक्षरं दिलीत की त्यांचीही खूण करायची आणि तोच खण उघडायचा. शोधाशोध आधीच होऊन गेलेली असते.

कमी अक्षरांचे शब्दही हवे असतील तर वेगळ्या सात अक्षरांतून दोन किंवा जास्त अक्षरं निवडण्याचे १२० प्रकार होतात. तेवढे खण उघडले की झालं.

'ही अक्षरं असलेले शब्द' शोधायचे असतील तर मूळ संख्यांची एक सुंदर रीत आहे. ए ला २, बी ला ३, सी ला ५, अशा क्रमाने सव्वीस अक्षरांना सव्वीस मूळ संख्या द्यायच्या. मग ई ला ११ मिळते, टी ला ७१. टी-ई-ए यांचा गुणाकार १,५६२. ईट असो, टी असो की एट, गुणाकार तोच, कारण गुणाकारात क्रमाने फरक पडत नाही. हार्टचा, म्हणजे हृदयाचा, गुणाकार येतो १८,१०,३५८. त्याला १,५६२ ने नि:शेष भाग जातो, म्हणजे टी, ई आणि ए तिन्ही त्यात आहेत. एकच भागाकार आणि उत्तर हो किंवा नाही. आमच्याकडच्या एका आठवीतल्या मुलाने हे वहीवर करून पडताळलं आणि पुढच्या रविवारी आपल्या वर्गातल्या सगळ्यांच्या नावांचे गुणाकार करून आणले.

वेबसाइटवर प्रश्नचिन्ह आणि तारा कशासाठी असतात?

प्रश्नचिन्ह म्हणजे एक अज्ञात अक्षर, तारा म्हणजे कितीही अक्षरं. बऱ्याच ठिकाणी हाच संकेत असतो. स्क्रॅबलमधल्या कोऱ्या टाइलसाठीही प्रश्नचिन्हच टाकतात.

एका वेबसाइटवर सापडलेला शब्द दुसरीवर चुकीचा दाखवतात. असं का?

कारण शब्दयाद्या वेगळ्या आहेत. स्क्रॅबलच्या स्पर्धा भारतात कॉलिन्सच्या यादीवर खेळल्या जातात, अमेरिका आणि कॅनडात मुख्यतः तिथली वेगळी यादी चालते. कॉलिन्समध्ये शब्द जास्त आहेत. अनेक फुकट वेबसाइट आणि ॲप एनेबल नावाची मोकळी यादी वापरतात, तिच्यात सुमारे १ लाख ७२ हजार शब्द आहेत. वापरण्याआधी वेबसाइट कुठली यादी घेते ते बघा. विशेषनामं कुठेच धरत नाहीत, म्हणून शिवडीतून वायर्स निघेल, पण शिवडी हा शब्द लावता येणार नाही.

स्क्रॅबलसाठी आधी काय पाठ करू?

दोन अक्षरी शब्द. लांबलचक शब्द नंतर. क्यू-आय, झेड-ए, एक्स-आय, जे-ओ, के-ए हे पाच जरी आले तरी अवघड टाइल हातात अडकून राहत नाहीत. क्यू आणि झेडला दहा-दहा गुण आहेत, जे आणि एक्सला आठ.

टाइलची मोजणीही माहीत हवी. एकूण १०० टाइल, त्यांतल्या २ कोऱ्या. ई १२, ए आणि आय ९-९, ओ ८. एस फक्त ४, कारण तो बहुतेक नामांमागे लावून अनेकवचन करता येतं. म्हणून एस हातात आला की लगेच उडवू नका. सातही टाइल एका खेळीत लागल्या तर ५० गुण जास्तीचे मिळतात. त्यासाठी एस-ए-टी-आय-आर-ई किंवा आर-ई-टी-आय-एन-ए यांसारखी सहा अक्षरं हातात जमवून ठेवतात, कारण त्यांच्यासोबत सातवं अक्षर जवळपास कुठलंही जुळतं. हा खेळ तयार केला आल्फ्रेड बट्स या अमेरिकी वास्तुविशारदाने, १९३० च्या दशकात. स्क्रॅबल हे नाव त्याला १९४८ मध्ये मिळालं.

क्यू आला आणि यू नाही. आता काय?

घाबरू नका. इथे आपल्याकडच्या लोकांना फायदाच आहे. यू शिवाय येणारे क्यू चे बरेच शब्द अरबी-फारसीतून आलेले आहेत आणि ते आपल्या कानावर आधीपासून असतात: फकीर क्यू घालून लिहिलेला, तलाक, निकाब, कव्वाली. चारही कॉलिन्समध्ये आहेत. शेवटी क्यू-आय आहेच.

एकही स्वर नसेल तर?

वाय शोधा. ऱ्हिदम, निम्फ, लिंक्स, क्रिप्ट, ट्रिस्ट, ग्लिफ. वायही नसेल तर सी-डब्ल्यू-एम, वेल्श भाषेतून आलेला दरीचा शब्द.

वर्डलमध्ये चार अक्षरं कळली तरी मी हरते. असं का होतं?

समजा, दुसरं अक्षर ए, मग टी-ई-आर, एवढं हिरवं झालंय, म्हणजे जागेसह बरोबर आलंय. पहिलं अक्षर राहिलं. केटर, हेटर, लेटर, डेटर, वॉटर. एकेक करून बघत बसलात तर सहा संधी संपतात. त्याऐवजी एक खेळी खर्च करा आणि चाइल्ड टाका. सी, एच, एल आणि डी चारही एका फटक्यात तपासले जातात. एकही नसेल तर वॉटरकडे वळा. उत्तर नसलेला शब्द मुद्दाम टाकायला मन धजत नाही, पण नेमकं तिथेच जिंकणं-हरणं ठरतं. अवघड पर्याय (कळलेली अक्षरं पुढच्या खेळीत वापरायलाच हवीत असा) चालू केला असेल तर मात्र ही खेळी करता येत नाही.

वेबसाइट वापरणं म्हणजे फसवणूक नाही का?

खेळ चालू असताना वापरली तर आहे, समोरच्याची आणि स्वतःचीही. खेळ संपल्यावर वापरली तर तिच्यासारखा शिक्षक नाही. आम्ही डाव संपला की आपली सात अक्षरं टाकून बघतो, आपल्याला न दिसलेले तीन शब्द वहीत लिहितो आणि त्यांचा अर्थ कोशात काढतो. तीनच. तीस लिहिले तर एकही लक्षात राहत नाही.

लहान मुलांसाठी विकतचा खेळ घ्यायलाच हवा का?

नाही. जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचे शंभर चौकोन कापा आणि स्क्रॅबलच्या टाइलच्या प्रमाणात अक्षरं लिहा. एम आणि डब्ल्यू, एन आणि झेड फिरवले की एकमेकांसारखे दिसतात, म्हणून प्रत्येक अक्षराच्या तळाशी एक रेघ ओढा. आमचे चौकोन श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात असतात. झाकण घट्ट बसतं आणि हात घालायला तोंड मोठं असतं.

मुलांना शब्द सुचवू नका, थांबा. गेल्या पावसाळ्यात सातवीतल्या एका मुलीसमोर टी-एच-आय-एन-जी ही पाच अक्षरं आली होती. मला नाइट दिसत होतं आणि मी तोंड उघडणार इतक्यात तिने टाइल सरकवून थिंग केलं. मग मी नाइट लावून दाखवलं. ती दोन्ही शब्दांकडे बराच वेळ बघत राहिली आणि मग प्रत्येक अक्षरावर बोट ठेवून तिने खात्री करून घेतली.

आपल्या भाषेतले शब्द इंग्रजी खेळात चालतात का?

साडी, धोती, घी, रोटी, चहासाठी चाय, लाख, क्रोर, घाट, राग असे कितीतरी शब्द इंग्रजी कोशांत आहेत. आणि एक शब्द तर मराठीतून गेलेला आहे: मंगूस. आपलं मुंगूस. एम-ओ-एन-जी-ओ-ओ-एस-ई, आठ अक्षरं, तीन ओ. हातात ओ साचले की मला आधी तो आठवतो.

गोरेगावचं उत्तर काय?

जी-ओ-आर-ई-जी-ए-ओ-एन. आधी सहा अक्षरी ऑरेंज सापडतं: ओ-आर-ए-एन-जी-ई. बरेच जण तिथेच थांबतात. पण दुसरा ओ अजून शिल्लक आहे. दोनांपैकी एकच जी घ्या, दोन्ही ओ कडेला ठेवा, एक सुरुवातीला आणि एक शेवटी, आणि मधे आर-ई-जी-ए-एन लिहा. ओरेगानो. पिझ्झ्याबरोबर छोट्या पुडीत येतो तो.